हात वर केला म्हणजे तारण झालं का?

येशूची सुवार्ता, म्हणजे त्याची शुभवार्ता, सांगायची सभा होती, आणि पुढे येणाऱ्यांसाठी भरायच्या कार्डावर चार चौकोन होते. पहिला, मी आज प्रथमच प्रभू येशूला स्वीकारलं. दुसरा, मी पुन्हा नव्याने समर्पण केलं. तिसरा, माझ्यासाठी प्रार्थना करा. चौथा, मला भेटायला या. मी स्टेजच्या डाव्या बाजूला हातात पेन आणि कार्डांचा गठ्ठा घेऊन उभी होते, छातीवर समुपदेशक असा बिल्ला, आणि एक बाई कडेवर लेकरू घेऊन माझ्यासमोर आली. लेकराचं अंग तापलेलं होतं, जवळ उभं राहिलं तरी जाणवत होतं. ती काही बोलायच्या आतच मी ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं तसं सुरू केलं, ताई, माझ्यामागे म्हणा. सात वाक्यं. प्रभू येशू, मी पापी आहे, तू माझ्यासाठी वधस्तंभावर मेलास, माझ्या हृदयात ये, आणि पुढचं. तिने सगळं म्हटलं, एक हात पोराच्या कपाळावर ठेवून. मी आमेन म्हटलं, पहिल्या चौकोनात खूण केली आणि तिला सांगितलं की आजपासून तुमचं तारण झालं, तुमचं नाव जीवनाच्या पुस्तकात लिहिलं गेलं. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "ताई, मग ताप उतरेल ना?"

तिला तिसरा चौकोन हवा होता. ती पोरासाठी प्रार्थना करून घ्यायला आली होती. मी पहिल्यावर खूण केली कारण पहिल्याचा आकडा रात्री स्टेजवरून जाहीर होणार होता आणि मागे अजून माणसं उभी होती. आकडा जाहीर झाला, टाळ्या झाल्या, हालेलुया झालं, आणि घरी जाताना रस्ताभर मला हेच टोचत राहिलं की त्या आकड्यात ती बाई आहे आणि तिला ते माहीतच नाही. नंतर फॉलोअपसाठी कार्ड काढलं तर पत्ता अर्धाच लिहिलेला, फोन लागत नव्हता. त्या लेकराचं पुढे काय झालं हे मला आजही ठाऊक नाही.

सुवार्ता सांगूच नये असं माझं म्हणणं अजिबात नाही. सुवार्ता खरी आहे म्हणूनच मला हे इतकं लागतं. माझं म्हणणं असं आहे की आपण माणसाकडून एक वाक्य म्हणवून घेतो, त्या वाक्यालाच तारण म्हणतो आणि वर तारण झाल्याचा दाखलाही आपणच देऊन टाकतो, हा अधिकार आपल्याला कुणी दिलेला नाही, आणि यात त्या माणसाचं जे नुकसान होतं ते त्याला बऱ्याचदा आयुष्यभर कळतसुद्धा नाही.

ही पद्धत आपल्या इतकी अंगवळणी पडलीये की ती बायबलमधलीच आहे असं वाटतं. पण तिचं वय साधारण दोनशे वर्षं. १८३०-३१ मध्ये अमेरिकेतल्या रोचेस्टर शहरात चार्ल्स फिनीच्या सभा झाल्या, फिनी वकिली करून सुवार्तेकडे वळलेला माणूस, ऐकणाऱ्याकडून तिथल्या तिथे निर्णय घ्यायचा हा त्याचा आग्रह. सभागृहात पुढचे बाक मोकळे ठेवायचे आणि ज्यांना आपल्या आत्म्याची काळजी लागलीये त्यांनी सगळ्यांसमोर उठून तिथे येऊन बसायचं. हे त्याने शोधून काढलं असं नाही पण त्याच्यामुळे ते सगळीकडे पसरलं. १८३५ मध्ये छापलेल्या त्याच्या व्याख्यानांत तो सरळ म्हणतो की संजीवन, म्हणजे लोकांमध्ये श्रद्धा नव्याने जागी होणं, हा काही चमत्कार नाही, नेमून दिलेली साधनं योग्य रीतीने वापरली की ते येतं, जसं शेतकऱ्याने साधनं नीट वापरली की पीक येतं. मला इथेच अडखळायला होतं, कारण नांगरून पेरून झाल्यावर शेतकरी आभाळाकडेच बघत बसतो, पाऊस त्याच्या हातात नसतो आणि हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नसतं. प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या ख्रिस्ती लोकांना लिहिलं तेव्हा त्यानेही शेताचाच दाखला घेतला, मी लावलं, माझा सहकारी अपुल्लोस याने पाणी घातलं, पण वाढवलं देवाने. शेत दोघांचंही, पण फिनीच्या शेतात वाढ साधनांमधून येते आणि पौलाच्या शेतात देवाकडून, आणि आपल्या सभांची सगळी आखणी फिनीच्या शेतावरून केलेली असते.

त्या काळात विरोध झाला नाही असंही नाही. १८४३ मध्ये जॉन नेविन नावाच्या धर्मशास्त्राच्या प्राध्यापकाने या बाकाविरुद्ध पुस्तिकाच लिहिली, त्याचं म्हणणं असं होतं की मंडळीपुढे, म्हणजे चर्चपुढे, दोन वाटा आहेत, एक बाकाची आणि एक हळूहळू शिकवण देत माणूस घडवण्याची, आणि बाकाची वाट सोपी वाटते कारण तिला वेळ लागत नाही. पुढे मूडी या अमेरिकन प्रचारकाने ज्यांना प्रश्न आहेत त्यांच्यासाठी सभेनंतर वेगळी खोली ठेवली, ते मला जास्त माणुसकीचं वाटतं. त्यानंतरच्या काळात बिली ग्रॅहम या अमेरिकन प्रचारकाच्या सभांमध्ये पुढे येणाऱ्यांसाठी समुपदेशक, कार्ड, जवळच्या मंडळीकडे नाव पाठवणं अशी सगळी यंत्रणा बसली, पण त्यांच्याकडे पुढे आलेल्यांना तारण झालेले म्हणत नसत, चौकशी करणारे म्हणत, आणि हा शब्द फार जपून निवडलेला होता. आपण यंत्रणा घेतली आणि तो शब्द घेतलाच नाही.

आणि हळूहळू काय झालं बघा. आधी भर सभेत उठून पुढे चालत जावं लागायचं, सगळे बघायचे, लाज वाटायची. मग सगळ्यांनी डोळे मिटा, कुणी बघू नका, फक्त हात वर करा. मग हात पण नको, मनातल्या मनात म्हणा. मग पत्रिकेत चार मुद्दे आणि शेवटच्या पानावर छापलेली प्रार्थना. आता मोबाईलवर एक बटण, मी प्रभूला स्वीकारलं, दाबलं की धन्यवादाचा मेसेज येतो. माणसाकडून जे मागितलं जातं ते दरवेळी थोडं थोडं कमी होत गेलं पण त्याला जे आश्वासन मिळतं ते तेवढंच राहिलं, तुझं तारण झालं, कायमचं झालं, आता शंका घेऊ नकोस, शंका सैतानाकडून येते.

बायबलमधलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक वाचताना मी एकदा मुद्दाम एक गोष्ट शोधली, कुणीतरी कुणालातरी माझ्यामागे म्हण असं सांगितलंय का. एकदाही नाही. पेन्टेकॉस्टच्या सणाच्या दिवशी येशूचा शिष्य पेत्र याचं बोलणं ऐकून लोकांच्या अंतःकरणाला टोचणी लागली आणि त्यांनीच विचारलं, बंधुजनहो, आम्ही काय करावं. प्रश्न त्यांच्या तोंडून आला. पेत्राने पश्चात्ताप आणि बाप्तिस्मा सांगितला, सुमारे तीन हजार माणसं आली, आणि पुढच्याच वचनात ती माणसं शिक्षणात, सहवासात, भाकर मोडण्यात आणि प्रार्थनेत टिकून होती असं लिहिलंय, म्हणजे तिथे आकडा आहे पण आकड्यावर पान संपत नाही. कूश देशाचा षंढ अधिकारी रथात बसलेला, त्यानेच पाणी बघून विचारलं, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे. फिलिप्पैचा तुरुंगाधिकारी थरथरत येऊन स्वतः विचारतो. वधस्तंभावरचा तो चोर, त्याला तर कुणी काहीच शिकवलं नव्हतं, त्याने आपल्याला शिक्षा रास्त झालीये हे कबूल केलं, शेजारचा निर्दोष आहे हे दुसऱ्या चोराला बजावलं आणि मग स्वतःच्या शब्दांत येशूकडे मागितलं. मंदिरात दूर उभा राहिलेला जकातदार, देवा, मज पाप्यावर दया कर. एवढंच, पण त्याचं स्वतःचं. हे शब्द कुणी पढवलेले नाहीत, आत काहीतरी घडलं म्हणून ते बाहेर आले, आणि आपण उलट्या बाजूने जातो, शब्द बाहेरून तोंडात घालतो आणि आत काहीतरी घडलं असं धरून चालतो.

जक्कय या जकातदाराचं तर मला नेहमी वाटतं की आपण ती गोष्ट मुलांना झाडावर चढणाऱ्या बुटक्या माणसाची म्हणून सांगतो आणि मोठ्यांनी जे वाचायचं ते राहून जातं. आज या घराला तारण प्राप्त झालं हे येशूने कधी म्हटलं? तो झाडावरून उतरला तेव्हा नाही, त्याने घरात घेतलं तेव्हाही नाही. त्याने उभं राहून सांगितलं की माझं अर्धं धन गरिबांना देतो आणि कुणाचं अन्यायाने घेतलं असेल तर चौपट परत करतो, त्यानंतर. पैसे देऊन त्याने तारण विकत घेतलं असा याचा अर्थ नाही, पण आत आलेलं तारण त्याच्या तिजोरीपर्यंत पोचलं आणि ते दिसलं. आणि तो श्रीमंत तरुण, तो तर स्वतःहून धावत आला, गुडघे टेकले, सार्वकालिक जीवन कसं मिळेल असं विचारलं, याहून तयार माणूस कुठल्या सभेत मिळणार. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली असं मार्क लिहितो, आणि मग त्याला नेमकी तीच गोष्ट सांगितली जी त्याला सोडवत नव्हती, आणि तो खिन्न होऊन निघून गेला आणि येशूने त्याला जाऊ दिलं. मागे धावून अट कमी केली नाही. ज्याच्यावर प्रीती केली त्यालाच जाऊ दिलं. या वचनापाशी मी कित्येकदा थांबले आहे, कारण मी जे ट्रेनिंग घेतलं त्यात तो तरुण हात न वर करता गेला असता तर माझी चूक मानली गेली असती.

रोमकरांस पत्राच्या १० व्या अध्यायातलं वचन सगळे देतात, येशू प्रभू आहे असं मुखाने कबूल करशील आणि देवाने त्याला मेलेल्यांतून उठवलं असा अंतःकरणात विश्वास ठेवशील तर तुझं तारण होईल. खरं आहे, माझा त्यावर पूर्ण विश्वास आहे. पण येशू प्रभू आहे हे वाक्य तेव्हा कसल्या जगात म्हटलं जात होतं तेही बघायला हवं. साधारण ११२ साली रोमन साम्राज्यातल्या बिथुनिया प्रांताचा सुभेदार प्लिनी सम्राट त्राजानाला पत्र लिहितो, त्यात तो ख्रिस्ती लोकांना तीनदा विचारतो, शिक्षेची धमकी देऊन विचारतो, आणि जे ठाम राहतात त्यांना मारायला पाठवतो, जे सम्राटाच्या मूर्तीपुढे धूप जाळून ख्रिस्ताला शिव्या देतात त्यांना सोडून देतो. म्हणजे ते वाक्य म्हणणाऱ्याला आपण काय म्हणतोय आणि त्याने काय जाईल हे पक्कं माहीत असायचं. तेच वाक्य आपण डोळे मिटून, मागे हळू संगीत लावून, कुणी बघत नाहीये असं आश्वासन देऊन म्हणवून घेतो. शब्द तेच राहिले, पण त्याला कबुली म्हणणं मला जड जातं. आणि बायबलच्या शेवटच्या, प्रकटीकरण या पुस्तकातलं ते, पाहा मी दाराशी उभा आहे व दार ठोकत आहे, ते तर लावदिकीया इथल्या मंडळीला लिहिलेलं आहे, कोमट झालेल्या विश्वासणाऱ्यांना, ज्यांना आपलं सगळं ठीक चाललंय असं वाटत होतं. ते आज आपल्यालाच आधी ऐकू यायला हवं.

नुकसान होतं म्हणजे काय होतं ते सांगते. एक गृहस्थ मला माहीत आहेत, एकोणीस वर्षांपूर्वी एका सभेत त्यांनी हात वर केला. त्यानंतर मंडळी नाही, वचन नाही, घरी बायकोवर हात उचलायचे आणि ते सगळ्यांना माहीत होतं. मी एकदा धीर करून त्यांच्याशी बोलले तर त्यांनी शांतपणे सांगितलं, माझं तारण झालेलं आहे, तारीख सांगू का. तारीख त्यांना पाठ होती. त्या तारखेने त्यांच्या सगळ्या खिडक्या बंद केल्या होत्या, आता कुठलंही वचन त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, कारण पश्चात्तापाची वचनं ही ज्यांचं तारण झालेलं नाही त्यांच्यासाठी असतात अशी त्यांची समजूत आपणच करून दिली होती.

दुसरी एक मुलगी, वीस-एकवीस वर्षांची. तिने मला तिच्या बायबलचं शेवटचं कोरं पान दाखवलं. त्यावर तारखा लिहिलेल्या, एकाखाली एक, निळ्या शाईने, काळ्या शाईने, एक पेन्सिलने, पहिल्या दोन-तीन लहान मुलाच्या अक्षरात. अकरा तारखा. जितक्या वेळा तिने ती प्रार्थना म्हटली तितक्या. दरवेळी वाटायचं की मागच्या वेळी मनापासून म्हटली नसेल, एखादा शब्द राहिला असेल, पश्चात्ताप पुरेसा नसेल, म्हणून परत. पहिली तारीख ती आठ वर्षांची असतानाची, मुलांच्या शिबिरात नरकाबद्दल ऐकून रडत हात वर केला होता. मला ते पान बघून बोलता येईना.

या दोघांची गोष्ट वरवर उलटी वाटते, एकाला खोटी खात्री आणि दुसरीला कसलीच खात्री नाही, पण मूळ एकच आहे. दोघांनाही आपण त्यांच्या स्वतःच्या प्रार्थनेकडे बघायला शिकवलं. त्याने बघितलं आणि समाधानी झाला, तिने बघितलं आणि घाबरली. ज्याच्याकडे बघायचं तो प्रभू दोघांच्याही नजरेतून सुटला.

आपल्या भाषेत तारण या शब्दाचे दोन अर्थ आहेत हे आपण विसरतो. एक तारणे, बुडणाऱ्याला पार नेणे, ज्यातून तारू आणि तारणहार हे शब्द आले. दुसरा कर्जासाठी ठेवायचं तारण, एकदा कागद करून दिला की कपाटात पडून राहतो आणि आपण निर्धास्त. मला प्रामाणिकपणे वाटतं की आपल्या सभांमधून माणसं दुसऱ्या अर्थाचं तारण घेऊन घरी जातात. पहिल्या अर्थाच्या तारणात माणूस नावेत असतो, नावाडी बरोबर असतो, पाणी खाली असतं आणि प्रवास चालू असतो. पौलाने हा शब्द तिन्ही काळांत वापरलाय. इफिसकरांना लिहितो, कृपेनेच तुमचं तारण झालेलं आहे. करिंथकरांना लिहितो, ज्यांचं तारण होत आहे अशा आपल्याला वधस्तंभाचा संदेश देवाचं सामर्थ्य आहे. रोमकरांना लिहितो, त्याच्या द्वारे आपण देवाच्या क्रोधापासून तारले जाऊ. झालं, होतंय, होणार. आपण यातला पहिला उचलला आणि उरलेले दोन कुणाला शिकवले नाहीत.

इथे कुणी म्हणेल की मग तुम्ही कर्मांनी तारण शिकवताय. नाही. त्याच इफिसकरांस पत्रात तारण कृपेने, विश्वासाच्या द्वारे, कर्माने नाही असं म्हटल्यावर लगेच पुढच्या वचनात आपण सत्कृत्यांसाठी ख्रिस्त येशूमध्ये निर्माण झालो असं आहे, या दोन वचनांच्या मध्ये कापायला जागाच नाही. याकोब म्हणतो की देव एक आहे असा विश्वास भुतंही धरतात आणि थरथर कापतात, म्हणजे नुसतं खरं मानणं हा तो विश्वास नव्हे. मी हेही जाणते की मंडळ्यांमंडळ्यांत यावर फरक आहेत, कॅथलिक माणूस बाप्तिस्म्यापासून सुरू झालेल्या आयुष्यभराच्या वाटचालीबद्दल बोलेल, ऑर्थोडॉक्स माणूस देवाच्या जीवनात सहभागी होण्याबद्दल बोलेल, आमच्याकडे नव्या जन्मावर भर, आणि तारण गमावता येतं का यावर तर आमच्यातच वाद. पण माणसाने सात वाक्यं म्हटली की काम संपलं असं यातल्या कुठल्याच जुन्या परंपरेने शिकवलेलं नाही. रोमच्या हिप्पोलिटसशी जोडल्या जाणाऱ्या जुन्या नियमावलीत बाप्तिस्म्याआधी तीन वर्षं वचन ऐकायचं असं आहे, आणि शेवटी त्या माणसाबद्दल विचारायचं की त्याने विधवांचा मान राखला का, आजाऱ्यांना भेटला का. तीन वर्षं मला जास्त वाटतात, तुरुंगाधिकाऱ्याचा बाप्तिस्मा त्याच रात्री झाला होता. पण त्यांना विचारायचे प्रश्न कळत होते. जोनाथन एडवर्ड्स या अमेरिकन पाळकाने १७३० आणि ४० च्या दशकांत स्वतःच्या मंडळीत मोठं संजीवन पाहिलं, माणसं रडताना, कोसळताना पाहिली, आणि १७४६ मध्ये त्याने लिहिलं की अश्रू, अंगाचा थरकाप, तोंडातून भराभर येणारी वचनं, यावरून होही म्हणता येत नाही आणि नाहीही म्हणता येत नाही, सगळ्यात भक्कम खूण म्हणजे रोजचं जगणं. पाहून लिहिलेलं आहे ते.

सगळ्यात जोरात जो आक्षेप येतो तो असा की माणूस आज रात्री मेला तर? मी तो हलका मानत नाही. माझे वडील गेले तेव्हा माझ्याकडेही वेळ नव्हता. पण घाई सांगायची असू दे, जाहीर करायची का? मरणाऱ्या माणसाला मी वधस्तंभाबद्दल सांगू शकते, त्याचा हात धरून प्रार्थना करू शकते, येशूकडे जो येतो त्याला तो घालवून देत नाही हे वचन वाचून दाखवू शकते. तो आला की नाही हे त्याचं आणि प्रभूचं. ते मी माझ्या कार्डावर खूण करून ठरवलं तर त्याच्या तारणात काडीची भर पडत नाही, फक्त मला बरं वाटतं.

आणि अशा सभांतून खरंच कितीतरी माणसं प्रभूकडे आली हेही खरं, माझ्या ओळखीची आहेत, मी स्वतः पहिल्यांदा वचन नीट ऐकलं ते अशाच मैदानात. देव आपल्या वाईट पद्धतीतूनही माणसं खेचून घेतो. पण त्याची दया ही पद्धतीला मिळालेली पावती धरली तर ज्यांच्या हाती नुसता कागद राहिला त्यांच्याकडे आपण कधी बघणारच नाही.

जॉन वेस्लीचं मला फार जवळचं वाटतं. इंग्लंडचा दीक्षित धर्मगुरू, उपासतापास, तुरुंगात भेटी, सगळं करणारा, अमेरिकेत तिथल्या मूळ रहिवाशांना सुवार्ता सांगायला गेला आणि परतताना १७३८ च्या जानेवारीत त्याने रोजनिशीत लिहिलं की मी त्यांचा पालट करायला गेलो होतो, पण माझा पालट कोण करणार? त्याच वर्षी २४ मे ला एका छोट्या सभेत कुणीतरी लूथरचं रोमकरांवरचं लिखाण वाचत असताना त्याला आत ऊब जाणवली आणि ख्रिस्ताने माझी, हो माझीही, पापं दूर केली असा भरवसा आला. पुढे लाखोंनी ऐकलं त्याला, पण त्याने आकड्यांवर भागवलं नाही, १७४२ पासून साधारण बारा-बारा जणांचे गट केले जिथे दर आठवड्याला प्रत्येकाला त्याच्या जिवाची खबर विचारली जायची.

आणि आपल्या पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ ला त्यांचा बाप्तिस्मा झाला, पूर्ण विचार करून, केवढं सोसून. त्याच रमाबाई १९०७ मध्ये आपल्या साक्षीत लिहितात की मला ख्रिस्ती धर्म सापडला होता, पण त्या धर्माचं जीवन जो ख्रिस्त तो सापडला नव्हता. तो सापडायला बाप्तिस्म्यानंतर आठएक वर्षं गेली. एवढ्या विद्वान, एवढ्या सरळ बाईला हे म्हणावं लागलं, आणि आपण चार मिनिटांत चौकोन भरतो. कवी नारायण वामन टिळकांना तर रेल्वेच्या डब्यात भेटलेल्या एका अनोळखी गोऱ्या गृहस्थाने नवा करार दिला आणि तो आपल्या वाटेने गेला. टिळक डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले, वाचत राहिले, झगडत राहिले आणि १० फेब्रुवारी १८९५ ला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्या गृहस्थाने पुस्तक दिलं, निर्णय मागितला नाही.

भीती दाखवून, आजारपणाचा फायदा घेऊन, नोकरी, शाळा, औषधाच्या आशेला बांधून जे केलं जातं त्यावर मी लांबण लावत नाही, ते चूक आहे आणि बाहेरच्यांनी बोट दाखवलं की आपल्याला राग येतो पण येशूनेच परूशी नावाच्या कर्मठ धर्मपुढाऱ्यांना सांगितलं होतं की एक माणूस आपल्या मताचा करायला तुम्ही समुद्र आणि भूमी पालथी घालता आणि त्याला स्वतःहून दुप्पट नरकपुत्र करता. पेत्र म्हणतो, तुमच्या आशेबद्दल विचारणाऱ्याला उत्तर द्या, पण सौम्यतेने आणि भीडस्तपणाने. आणि आठ वर्षांच्या मुलांना नरक दाखवून रडवणं थांबवा, कृपा करून. त्या बायबलचं शेवटचं पान मी पाहिलंय.

पौल थेस्सलनीकाकरांना लिहितो की आम्ही तुम्हाला देवाची सुवार्ताच नव्हे तर आमचा जीवही द्यायला राजी होतो. मला हीच पद्धत दिसते, दुसरी दिसत नाही. जीव द्यायचा म्हणजे वेळ द्यायचा, तोच चेहरा पुन्हा पुन्हा बघायचा. इफिसात पौल तीन वर्षं राहिला. येशूची आज्ञाही शिष्य करा अशीच आहे, हात मोजा अशी नाही, आणि बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज घ्यावा हे येशूने गर्दीला तोंडावर सांगितलं होतं.

त्या मुलीबरोबर मी मार्ककृत शुभवर्तमान वाचायला लागले. सोळा अध्याय, सलग वाचलं तर दीडेक तासात होतं, आम्हाला पाच महिने लागले. तिला मी एकदाही सांगितलं नाही की तुझं तारण झालंय, आणि झालेलं नाही असंही नाही. ती विचारायची, मी म्हणायचे पुढचं वाचू. १० व्या अध्यायात तो आंधळा बार्तीमय रस्त्याकडेला बसून ओरडतो, लोक त्याला गप्प करतात, येशू थांबतो, त्याला बोलावतो. आणि ज्याला समोरचा आंधळा आहे हे दिसतंय तोही आधी विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावं अशी तुझी इच्छा आहे?

ती पुढे वाचत गेली, मी तिथेच राहिले. मला कडेवरचं ते तापलेलं लेकरू दिसत होतं.

पुढच्या महिन्यात परत सभा आहे. मी आयोजकांना सांगितलंय की स्टेजच्या डाव्या बाजूला मी उभी राहीन, शेवटचा माणूस जाईपर्यंत थांबेन, पण कार्ड माझ्या हातात देऊ नका, एक वही द्या. त्यात मी ती येशूने विचारलेली ओळ वर लिहून ठेवणार आहे आणि खाली समोरचा माणूस जे सांगेल ते, त्याच्या शब्दांत, आणि त्याचा पत्ता, पूर्ण.